डावं पान, खाली, गुलाबी

५ जानेवारी
हेड क्लार्कच्या परीक्षेला नाव दिलं. पाणीपुरवठा खात्याची नियमावली माळ्यावरून काढून झटकली. मागच्या वेळी अभ्यासाची पद्धत चुकली होती, माझं काही चुकलं नव्हतं. मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतील, मग वयाची अट आडवी येणार. म्हणजे ही शेवटची संधी. बायको माझ्याच ऑफिसात आहे, तिनेही नाव दिलं. देऊ दे. तेवढीच मला सोबत.

८ जानेवारी
आपण कसं शिकतो हे सांगणारी एक चाचणी मोबाईलवर दिली. मी ‘डोळ्यांनी शिकणारा’ निघालो. शाळेत सगळे सर बोलून शिकवायचे, तिथेच माझं वाटोळं झालं. येताना पाच रंगांचे हायलायटर आणले. व्याख्या पिवळ्या, बिलं गुलाबी, अपवाद हिरवे.

१४ जानेवारी
अर्धं पुस्तक रंगवलं. महत्त्वाचं नाही असं एकही वाक्य सापडेना. मी तिसऱ्यांदा वाचतोय, कुठेही अडत नाही. बायकोचं मात्र बघवत नाही. एक पान वाचते, पुस्तक मिटते, भिंतीकडे बघून पुटपुटते. चुकते. कपाळावर हात मारते. पुन्हा उघडून बघते. बिचारीच्या डोक्यात काही शिरतच नाही. जमत नसेल तर कशाला जिवाला त्रास, असं प्रेमाने सांगितलं. तिने कुकर जरा जोरातच आदळला.

२० जानेवारी, सकाळ
डोकं फिरलंय. चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच हिने विचारलं, गिऱ्हाइकाचं मीटर बंद पडलं तर बिल कसं आकारायचं? म्हटलं, डावं पान, खाली, गुलाबी.
‘अहो, रंग नाही विचारला.’
असं अचानक विचारल्यावर कोण सांगेल? परीक्षेची निदान तारीख तरी आधी कळवतात.

२७ जानेवारी
दुसरी चाचणी दिली. मी ‘कानांनी शिकणारा’ आहे. तीन आठवडे डोळे फुकट झिजवले. आता अख्खी नियमावली स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली आणि उशाशी लावून झोपलो. झोपेत मेंदू सगळं टिपून घेतो म्हणे. झोप फार छान लागली. मेंदूने काय टिपलं ते कळायला मार्ग नाही. बायको उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

३ फेब्रुवारी
ही आता धडे उलटसुलट करून स्वतःला प्रश्न घालते. आज दंड, मध्येच नळजोडणी, परत दंड. शिस्त म्हणून नाही. मलाही विचारायला आली होती, घालवून दिली. माझं सातवं वाचन चालू आहे. पान उलटायच्या आधीच पुढचा शब्द कळतो. शिवाय माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, असं कुठेसं वाचलं. माझा नव्वद टक्के अजून कोरा करकरीत आहे.

१० फेब्रुवारी
परीक्षा झाली. पहिलाच प्रश्न: मीटर बंद असल्यास बिल कसं आकाराल? पान डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. डावं, खाली, गुलाबी. कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा दिसला. अक्षर तेवढं एकही दिसेना. संतापून हॉलमधल्या पंख्याकडे बघत बसलो. पेपर सेट करणाऱ्यांना विद्यार्थी कसा शिकतो याची काडीची अक्कल नाही.

४ एप्रिल
निकाल लागला. बायको हेड क्लार्क झाली. ऑफिसात पेढे वाटायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांनी माझंही अभिनंदन केलं. फार लागलं ते. माझं नाव यादीत आहे की नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं.

१६ एप्रिल
काउंटरवर गिऱ्हाईक आलं. मीटर बंद, बिल कसं येणार? पुस्तक उघडलं. त्या ओळीवर गुलाबी इतक्यांदा फिरलं होतं की शाई पसरून शब्द दिसेनात. पुस्तक घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेलो. हो, ऑफिसात मॅडमच म्हणतो. तिने पुस्तक मिटलं, वर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबली. मी अंदाजाने ठोकून दिलं. चुकलं.
‘आधीच्या सहा बिलांची सरासरी,’ ती हळूच म्हणाली.
घरी भाजी निवडताना तिने परत विचारलं. परत चुकलो. जेवणं झाल्यावर परत विचारलं. बरोबर आलं.
एक नियम पक्का झाला. वयाची पंचेचाळीस मात्र मार्चमध्येच पूर्ण झाली.