मंगळवारची नवी बैठक

कॉव्हेंट्री, १५ मे १९८५

प्रिय प्रमोदिनीताई,

मी ठणठणीत आहे आणि दारूला शिवलेलो नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

दारू सोडणाऱ्यांच्या जुन्या बैठकीत मी केविनचा उल्लेख 'माझी बायको' असा करायचो. एकदा खरं सांगितलं, तर म्हातारा स्टॅन म्हणाला, "इथे दारूबद्दल बोल, बाकीचं घरी ठेव." मी ठणकावलं, "खोटं बोलत बोलतच पीत गेलो. आता खोटं बोलून सोडू कशी?"

म्हणून आम्ही समलिंगी लोकांनी आपली बैठक काढली. काल पहिली होती. कोणी येईल का, याचीच धास्ती होती. पण खुर्च्या अपुऱ्या पडल्या. रीतीप्रमाणे मी म्हणालो, "मी मुकुंद, मी दारुडा आहे. आणि माझ्या घरी केविन आहे." सगळे एका सुरात म्हणाले, "हॅलो मुकुंद." तुझा भाषणबाज भाऊ तेवढ्यावरच "थँक यू" म्हणून खाली बसला. सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा.

ताई, आजवर पत्रांत लिहायचो तसा केविन माझा भाडेकरू नाही, हे एव्हाना तुला कळलंच असेल. आईला कधी सांगायचं ते तू ठरव. पण पुढच्या पाकिटावर दोघांची नावं लिही. केविन रोज पोस्टमनच्या आधी दारात उभा राहील, मी ओळखतो त्याला.

तुझा वादखोर धाकटा,
मुकुंद