नोव्हायला गेलेल्या माझ्या गोळ्या

शॉमबर्ग, इलिनॉय, १६ ऑक्टोबर

प्रिय अस्मिता,

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. डॉक्टरांच्या ऑफिसातल्या काउंटरसमोर, मागे रांगेत माणसं उभी असताना, तुझ्या आईला कळलं की तिची औषधं यापुढे तिच्या हातात द्यायची नाहीत. तारीख आणि वेळ आधी लिहिली, कारण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेटनी आम्हाला बजावलं होतं की तक्रारीच्या पत्रात वेळ सुरुवातीला घालायची आणि रडणं शेवटी, तेही जागा उरली तर. पुढे इथल्या इन्शुरन्सच्या ऑफिसात बावीस वर्षं लोकांच्या तक्रारी वाचल्या आणि सिस्टरचं पटलं. हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर जास्त धारदार झालं असतं, पण मग ते तू कुशला वाचायला दिलं असतंस आणि जावईबापूंनी नेहमीसारखं "मॉम इज जस्ट अपसेट" म्हणून फ्रीजवर लावलं असतं. मराठी तुला एकटीलाच वाचता येतं. हळू वाच.

झालं ते असं. दर तीन महिन्यांनी मी फार्मसीच्या नंबरवर फोन करते, मशीनला जन्मतारीख सांगते, फार्मसी डॉक्टरांच्या ऑफिसला विचारते, ते हो म्हणतात आणि दोन दिवसांनी मी गाडी घेऊन जाते नि खिडकीतून पिशवी उचलते. बाबा होते तेव्हा दोन पिशव्या असायच्या. माझ्या पिशवीतली रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर गुठळी होऊन थेट मेंदूत जाऊ शकते; हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलंय. या वेळी मशीन म्हणालं, तुमच्या डॉक्टरांशी संपर्क करा. मशीनशी मी भांडत नाही, मशीनला लाज नसते. सरळ ऑफिसात गेले. काउंटरवर तुझ्या अनिकाहून जेमतेम मोठी असेल अशी मुलगी. "यू आर ऑल सेट, मलीनी! युवर डॉटर इज टेकिंग केअर ऑफ एव्हरीथिंग." मी म्हटलं, माझ्या डॉटरचं हृदय ठणठणीत आहे, आजारी माझं आहे, गोळ्या कुठे आहेत? तिनं स्क्रीन पाहिला. गोळ्या मिशिगनला आहेत, तुझ्या नोव्हायच्या घरी, मागच्याच आठवड्यात पोचल्या. पुढच्याही तिकडेच जाणार. मी विचारलं, का? तेव्हा तिनं आवाज खाली आणला. एरवी माझी साडी नाहीतर केस बघून ही मंडळी मोठ्यानं बोलतात, त्यामुळे आवाज खाली आला तेव्हाच मला धस्स झालं. "मेमरी कन्सर्न्स, स्वीटी," ती म्हणाली. स्वीटी! मी तिला सांगितलं की माझं नाव मालिनी आहे, ते या ऑफिसला अकरा वर्षांत पाठ झालेलं नाही, तेव्हा मेमरीबद्दल काळजी करायचीच तर तिथून सुरुवात करावी. मागचा एक म्हातारा मोठ्यानं हसला. मला त्या हसण्याचा आधार वाटला, यावरून ओळख माझी काय अवस्था होती.

बाबा गेल्यावर तू माझ्या डॉक्टरांच्या ऑफिसातल्या खात्याला तुझं नाव जोडून घेतलंस. "जस्ट फॉर इमर्जन्सी गं, आई." मी हो म्हटलं. त्या दारातून आत जाऊन तू काय केलंस ते मला डॉक्टरांनी आत बोलावून स्वतःच्या स्क्रीनवर दाखवलं. बिचाऱ्यांना वाटत होतं की मला सगळं माहीत आहे, आपलं हे सगळं बोलून ठरलेलं आहे. तुझा लांबलचक निरोप, त्याखाली फोटो. फोटोत माझा मिसळणाचा डबा. मोहरीच्या वाटीत गोळ्या, हळदीच्या वाटीत गोळ्या, हिंगाच्या वाटीत गोळ्या. खाली तू लिहिलंयस की आई औषधं मसाल्यात ठेवायला लागली आहे.

अस्मिता, त्या डब्यात वाट्या किती असतात? तुझ्याही घरी आहे, मीच दिलेला. सात असतात. आठवड्याचे दिवस किती असतात? मधली वाटी रविवारची, मग सोमवारपासून घड्याळाच्या काट्यासारखं फिरत जायचं. तू दोन वर्षांपूर्वी आणून दिलेली गोळ्यांच्या खणांची प्लास्टिकची पट्टी आहे ना, तिच्यावर वारांचे दोन टी आहेत आणि दोन एस, आणि तिची झाकणं उघडायला माझ्या बोटांत जोर नाही. औषधाच्या बाटल्यांची झाकणं तर लहान मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून केलेली असतात, ती मुलं पटापट उघडतात आणि आम्ही बसतो अडकित्त्यात धरून. म्हणून बाबा गेल्यानंतर मी जुना डबा घासून, उन्हात वाळवून औषधांना दिला. मसाल्याचा डबा शेजारीच होता, निळ्या झाकणाचा. गौरीजेवणाच्या दिवशी, लेबर डेच्या सुट्टीत तू आली होतीस, कढईत तेल तापलं होतं, मी नैवेद्याचं ताट वाढत होते, आणि तू फोडणीला मोहरी घ्यायला चुकीचा डबा उघडलास. एवढंच झालं. तू तिथल्या तिथे, "आई, हे काय?" असं विचारलं असतंस तर मी तुला डबा समजावला असता आणि तू हसून तुझ्यासाठीही एक मागितला असतास. तू मोबाइल काढलास, फोटो घेतलास, झाकण लावलंस, आणि मला म्हणालीस, "तेल बंद करू का जरा?" मला वाटलं होतं, तू बाहेर गौरींचे फोटो काढायला गेलीस.

डॉक्टर शहाणे आहेत. डबा काय आहे ते मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "दॅट इज अ बेटर सिस्टिम दॅन माइन." पण लेखी निरोप आला म्हटल्यावर तो त्यांना पुसता येत नाही. मुलीनं काळजी नोंदवली, ऑफिसनं तिच्या सांगण्यावरून औषधं दिवसागणिक सीलबंद पुड्यांमध्ये करून देणाऱ्या कंपनीकडे वळवली, तुझ्या पत्त्यावर. म्हणजे विमानात शेंगदाणे देतात तशी माझी एकेक दिवसाची पुडी तू मला पाठवणार, आणि मी ती फाडली की नाही ते तुला कळणार. डॉक्टरांनी तूर्त दोन आठवड्यांच्या गोळ्या माझ्या हाती दिल्या. त्या बदल्यात बुधवारी, २९ तारखेला, मला स्मरणशक्तीची तपासणी द्यायची आहे. घड्याळ काढा, प्राण्यांची नावं सांगा, शंभरातून सात वजा करत जा. बाबांबरोबर बसून मी ती सगळी पाहिलेली आहे. त्या निकालावर डॉक्टर ठरवतील की औषधं माझ्या हाती राहतील की नाही. ती गेली की पाठोपाठ गाडी जाईल, गाडी गेली की हे घर. इन्शुरन्समध्ये होते मी. कुठल्या कागदामागून कुठला कागद येतो ते मला कुणी शिकवायला नको.

आता खरं काय लागलंय ते सांगते. त्या गौरींपासून तू मला रोज संध्याकाळी फोन करत होतीस. आधी रविवारी करायचीस, तोही किराणा घेताना, इअरफोनमध्ये. मग अचानक रोज. आज काय केलंस आई, कोण आलं होतं, काल म्हणालीस ती भाजी कुठली, अनिकाची मॅच कधी आहे सांग बघू. मी किती लांबलचक उत्तरं दिली! शेजारच्या रेखाला मी सांगितलं की मुलगी चाळिशीत आली की आईजवळ परत येते. रेखा म्हणाली, "लकी आहात काकू, माझा वीर तर टेक्स्टला थम्ब्स अप करतो." आणि मी, मूर्ख बाई, भाव खाल्ला. मंगळवारी त्या स्क्रीनवर तुझ्या निरोपाखाली आणखी चार निरोप होते. "शी रिपीटेड द स्टोरी अबाउट द रकून्स." अगं, रात्री कचऱ्याचे डबे उलटणाऱ्या त्या रकूनची गोष्ट मी दोनदा सांगितली कारण पहिल्यांदा तू हसली नाहीस.

तुला कशाची भीती वाटली ते मला कळतं. मी दगड नाही. बाबांच्या गोळ्या आपल्याला त्यांच्या बुटात सापडल्या होत्या, चष्म्याच्या घरात सापडल्या होत्या. दर दुसऱ्या शनिवारी पाच तास गाडी हाकत तू येत होतीस, आणि शेवटच्या वर्षी ते तुला "मॅडम" म्हणायला लागले तेव्हा तू बाथरूमचा नळ सोडून रडायचीस. त्या डब्यात तुला मी दिसलेच नाही, बाबा दिसले. पण बाबांची एक गोष्ट तुला माहीत नाही. ज्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना त्यांच्या आजाराचं नाव सांगितलं, त्या दिवशीची. पार्किंगमध्ये, गाडीचा पट्टा लावता लावता, त्यांनी मला विचारलं, "अस्मिताला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. "कधीपासून?" मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. तुझ्या बाबांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "म्हणजे उन्हाळ्यापासून ती माझं ऐकत नव्हती. तपासत होती." पुढे त्यांनी तुझ्याशी फोनवर बोलणं कमी केलं ते आजारामुळे नाही. तुला वाटतं आजारामुळे. तेव्हा त्यांना अजून पुष्कळ समजत होतं.

आणि आता एक अशी गोष्ट, जी मी डॉक्टरांना सांगितलेली नाही, रेखाला नाही, कुणालाच नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी मी लायब्ररीत जायला निघाले आणि माझ्या जुन्या ऑफिसच्या आवारात जाऊन गाडी लावली. रिटायर होऊन आठ वर्षं झाली. जिना चढून वर जायचं, डब्यात आज काय आणलंय, असलं काहीतरी मनात चाललं होतं. पाटी दुसऱ्याच कंपनीची दिसली तेव्हा भानावर आले. सवयीनं हात तिकडे वळले असतील. कुणाचेही वळतील. किंवा तसं नसेलही. मला ठाऊक नाही, आणि २९ तारखेला घड्याळ काढताना काटा चुकला तर तो रागानं चुकला की कशानं, तेही मला सांगता येणार नाही. बघ, मी तुला आधी सांगितलं. तोंडावर, म्हणजे पत्रातून निदान, डॉक्टरांमार्फत नाही.

म्हणून हे पत्र. गोळ्या परत मागायला नव्हे. त्या तू नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा आण, नाहीतर टाकून दे. दिवाळीचा चिवडा आणि कडबोळी वेगळ्या पार्सलनं पाठवली आहेत, ती लाच समजू नकोस. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. एखाद्या दिवशी मी खरंच हरवायला लागले आणि ते तुला आधी दिसलं, तर तू ते पहिल्यांदा मला सांगशील का? काउंटरवरच्या मुलीआधी, डॉक्टरांआधी, कुशआधी, मला रडू येईल हे माहीत असूनही? हो किंवा नाही, तुझ्या हातानं लिहून. टेक्स्ट नको, फोन नको. फोनवर तू काय विचारतेस याकडेच आता माझं लक्ष जातं. तुझं उत्तर सोमवारी, २७ ऑक्टोबरला, दुपारच्या टपालात माझ्या पेटीत पडलेलं असलं पाहिजे. बुधवारनंतर आलेलं मी उघडणार नाही, कारण तोवर निकाल लागलेला असेल आणि तू जे लिहिशील ते निकालाला लिहिशील. मला उत्तर हवंय ते मी अजून कोण आहे हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नसताना.

रागावलेली, आणि वाट पाहणारी,
तुझीच
आई