गार्गीचं डोकं

अण्णा, ओळखलं का? न्हाई ओळखणार. जितेपणी मला हाक मारायची तर तुमच्या तोंडातून आधी आईचं नाव निघायचं, मग आत्याचं, मग म्हशीचं, आणि म्हैस हंबरली की मग कुठं माझ्यावर यायचे. आता तर तुमी जाऊन इतकी वर्षं झाली की म्हैससुद्धा आठवत नसंल. मी तुमची लेक. जिच्या कडेवर सदा तुमचा ल्योक असायचा, ती. मला अक्षर येत न्हाई, एवढं तरी ध्यानात असंल, कारण ती करामत तुमचीच. म्हणून मी सांगायलेय आणि नात लिहायलीय. परभणीला शेतकीचं शिकती, सुट्टीत घरी आलीय. "आजी, जरा हळू सांग की," म्हणती. मी म्हणलं, माझ्या बापानं गावाच्या सगळ्या पोरांना भराभरा लिहायला शिकवलं, तू कशी मागं राहिलीस?

रविवारची गोष्ट. मी ओट्यावर तुरी निवडत होते आणि ती पेपरातलं शब्दकोडं घेऊन माझ्यापाशी बसली. तुम्हाला ठावं नसंल म्हणून सांगते. चौकोनी घरं असतात, घरात एकेक अक्षर बसवायचं, आणि खाली खूण दिलेली असती, ती बी सरळ न्हाई, उखाण्यासारखी आडवळणानं. ह्या खेपेचं कोडं जुन्या तत्त्वज्ञांचं होतं. तत्त्वज्ञ म्हणजे कोण, इचारलं तर म्हणती, "जे लय विचार करायचे, ते." म्हणजे ज्यांच्या भाकरी दुसरं कोणी थापायचं, ते. हे मी तिला म्हणले, तर ते बी लिहायलीय बघा.

"उधारी करून तूप पिणारा, तीन घरं." मी सुपावरची नजर न काढता म्हणलं, "चार्वाक. आपल्या गावात निम्मे त्याच्याच गोत्रातले." "सांडलेले दाणे वेचून खाल्ले आणि जगाचा बारीकात बारीक तुकडा शोधला, तीन घरं." कणाद. तुमीच सांगितलं होतं, शेत निघाल्यावर सरवा वेचून पोट भरणारा ऋषी. आई आणि मी ज्वारीचा सरवा वेचायला जायचो तवा मला वाटायचं, आमी बी ऋषीच की, फक्त दाढ्या न्हाईत. मग आलं, "साप आणि धनुष्यवाला पांडव एकत्र आले, चार घरं." मी म्हणलं, "नाग आणि अर्जुन. पण एका घरात नांदायचे कसे?" तिनं टाळीच वाजवली. नागार्जुन म्हणं, बौद्धांचा लय मोठा आचार्य होऊन गेला. मी अर्धा अर्धा ओळखला, तिनं सबंध केला. इतकी खूश होते, अण्णा, की तुरीतला खडा खड्यात आणि दाणा बी खड्यात टाकायले होते.

त्या नागार्जुनातल्या 'गा'वरनं दोन घरं खाली उतरत होती. तिनं खूण वाचली, "डोकं शाबूत, सभेत पुन्हा उभी." आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणली, "गार्गी."

"लिहू नको ते," मी म्हणलं. "गार्गीचं डोकं पहिल्याच खेपेला पडलं."

"पडलं? कुठं पडलं, आजी?"

"राजाच्या सभेत. लय प्रश्न इचारले म्हणून."

नातीनं पेन खाली ठेवला. म्हणली, "आजी, ज्या ऋषींना ती इचारत होती ते तिला नुसतं म्हणले, आता पुढं इचारू नकोस, डोकं गळून पडंल. ती गप्प बसली. मग पुन्हा उठली, आणखी दोन प्रश्न इचारले, आणि ह्या ऋषींना कोणी हरवू शकणार न्हाई, हा निकाल बी भर सभेत तिनंच दिला."

मी सूप बाजूला ठेवलं.

ती दुपार आता डोळ्यापुढं हाय. मारुतीच्या देवळात तुमची शाळा. मी बाहेर पायरीवर, कडेवर भाऊ, आतनं पोरांचा गलका. तुमी जेवायला घरी येता, आई चुलीपाशी, मी तांब्या ठेवते आणि म्हणते, "अण्णा, मला पाटी द्या." तुमी भाकरी मोडता. मी पुढं चालूच, तुमच्याच पोरांकडून उचललेलं, "कापड सुताचं, सूत कापसाचं, कापूस मातीतनं येतो, मग माती कशातनं येती?" तवा तुमी हसून म्हणले, "बस, आज तुला गार्गीची गोष्ट सांगतो." असंच इचारत गेली, हे कशावर विणलंय, ते कशावर विणलंय, आणि शेवटी तिचं डोकं धडावरनं पडलं, घरंगळत पार राजाच्या पायापाशी गेलं. घरंगळत, म्हणले. तुमच्या हातानं दाखवलं बी, ताटातला कांदा ढकलून.

मी मानेवर हात ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी आईचं फडकं हनुवटीखालनं घेऊन डोक्यावर गाठ मारली, म्हणजे पडलंच तर अडकून राहील. आईला वाटलं दाढ दुखती, तिनं लवंग दिली. तुमी बघितलं, अण्णा. तुम्हाला कळलं कशाची गाठ हाय ती, कारण तुमी मिशीत हसले. आणि जिंतूरच्या बाजारातनं मला बांगड्या आणल्या. हिरव्या. मी त्या मिरवल्या बी, पाटी मागितली होती हे विसरून.

त्यानंतर, ही नात सोडली तर, मी जन्मात एकच प्रश्न इचारला. परभणीच्या स्टँडवर पाटी वाचता येईना म्हणून, "बाबा, ही गाडी कुठं चालली?" एवढाच. देवळात पोथी लागली, मनात काही उठलं, की हात आपोआप मानेवर. सासरी म्हणायचे, सून लय गरीब हाय, उलट बोलत न्हाई. गरीब कुठली. डोकं सांभाळायले होते.

नातीला म्हणलं, अण्णांना पुढचं ठावं नसंल, जुनं माणूस, अर्धंच ऐकलं असंल. तुमची बाजू घेतली मी, बघा. आणि खात्री करायला भावाला फोन लावला. तोच, कडेवरचा. मोठा झाल्यावर तुमच्याच हाताखाली शिकला.

"गार्गी?" तो म्हणला. "अक्का, शाळेत दरसाल सांगायचे अण्णा. डोकं पडंल म्हणल्यावर बी ती पुन्हा कशी उठली, हे सांगताना स्वतः उभे राहायचे. पोरांनो, भिऊ नका, इचारा, म्हणायचे."

मी फोन ठेवला.

आई रोजानं खुरपायला जायची, लेकराला धरायला कोणी पायजे होतं, हे काय मला कळत न्हाई व्हय? तुमी सरळ "न्हाई" म्हणले असते तर मी दोन दिवस रडले असते आणि झालं असतं. तुमी न्हाई म्हणले न्हाई. तुमी गार्गीला मारलं. पोरांसाठी ती उभी राहिली आणि माझ्यासाठी तिचं डोकं घरंगळलं, एकाच तोंडातनं. दगा ह्यालाच म्हणतेत, अण्णा. गावभराचे गुरुजी होते तुमी, घरात नुसते बाप तरी व्हायचं होतं.

कोड्यात शेवटचं घर राहिलं होतं. नातीनं माझ्या मुठीत पेन दिला आणि वरनं हात धरला. 'र्गी' लिहिलं मी. तुमी पोरांना ग गणपतीचा पासून चालवलं, मी थेट जोडाक्षरालाच हात घातला. वाकडं झालंय, पण घरात मावलं. एक सांगते, कोणाला बोलू नका. लिहिताना डावा हात मानेवर होता.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, पेटीत राहू दे. पुढच्या आठवड्यात भावाकडं तुमचं पित्तर हाय. कावळा शिवला न्हाई की समदे हात जोडतेत, तुमची राहिलेली इच्छा पुरी करू, म्हणतेत. औंदा कोणी असं म्हणायचं न्हाई. राहिलेली इच्छा माझी हाय.

पोरी, पित्तराला जाताना माझ्याकडनं डबा ने. कोरडी भाकर दे नुसती, कांदा बी देऊ नको.

थांब. गव्हाची खीर बी दे. गूळ बेतानं, आणि वेलदोडा कुटून घाल. बिनवेलदोड्याची खीर अण्णा बाजूला सारतेत.