दापोडीचे बुश, मुंबईचे खोके

आबा, गेल्या गुरुवारी चिंचवडला माझा सत्कार झाला. आसपासच्या छोट्या कारखानदारांनी सभा बोलावली होती आणि इथल्या माणसांना काम देणारा खरेदी अधिकारी म्हणून मला व्यासपीठावर बसवले. प्रास्ताविक करणारा म्हणाला, "मुंबईकडं तोंड करून बसलेली कंपनी साहेबांनी आपल्या गल्लीकडं वळवली, राव!" टाळ्या झाल्या. वस्तुतः मुंबईचा माल वेळेवर येईना म्हणून वरून आदेश आला होता. मी केवळ सही केली. तरीही मी शाल घेतली, नारळ घेतला आणि चार शब्द बोललो. जवळच्या माणसाला काम दिले तर बिघाड होताच तो धावत येतो. त्याला इथेच तोंड दाखवायचे असते म्हणून तो वाईट माल देत नाही. त्याची मजुरी याच बाजारात खर्च होते. आबा, ही वाक्ये तुमची आहेत. माझ्या टेबलासमोर उभे राहून तुम्ही ती मला ऐकवली होती आणि मी तुम्हाला बाहेर पाठवले होते. घरी येऊन शाल खुर्चीवर टाकली, ती अजून तिथेच आहे. घडी घालणारी तुमची सून चार महिन्यांपूर्वी गेली. त्या शालीकडे पाहिले की किळस येते, आणि ती शालीची नाही.

तो दिवस तुम्ही विसरला नसणार. मी खरेदी विभागात नवा आहे. कंपनीच्या भिंतीपलीकडे अद्याप ज्वारी उभी आहे. तुम्ही दापोडीहून सायकलने आलात. धुतलेली टोपी, इस्त्री नसलेला पण स्वच्छ सदरा, आणि रुमालात बांधलेले तीन बुश: मशीनच्या फिरत्या दांड्याभोवती बसणारी, गनमेटलची ती छोटी नळकांडी. इतर पुरवठादारांबरोबर तुम्ही बाकावर दीड तास बसलात. मी तुमचा मुलगा आहे, हे पहारेकऱ्यालाही सांगितले नाही. आत आलात तेव्हा मी म्हणालो, "आपले नाव मंजूर यादीत नाही." 'आपले' म्हणालो, आबा, तुम्हाला. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या वरिष्ठांनी बुश मोजून पाहिले. दोष काही सापडेना, तेव्हा ते म्हणाले, "दापोडीच्या बोळात लेथ असते होय? मला वाटलं, तिथं फक्त पंक्चर काढतात." सगळे हसले. मीही हसलो.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "पंक्चर बी काढतो की, साहेब. पन तुमचं मशीन अडलं तर सायकलवर वीस मिन्टांत हजर हुईन. मुंबईवाला येईल व्हय? आन् वाईट माल दिऊन मी जाऊ कुठं? हितंच ऱ्हायाचंय, हितल्याच बाजारात मजुरी मोडायचीय." मग बुश रुमालात बांधलेत आणि माझ्याकडे न पाहता गेलात.

नातेवाइकास काम देणे हे अनीतीचे, असे मी अनेक वर्षे स्वतःला बजावत आलो. ते खरे असते तर तुमच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांना मी काम दिले असते. समोरच्या ओताऱ्याला दिले असते. कोणालाही दिले नाही. मला गल्लीचीच लाज वाटत होती. त्या लाजेला मी नीती हे नाव दिले आणि त्या नावाखाली पगार घेतला.

पुढे वर्षभराने मुंबईच्या एका पेढीकडून बुश येऊ लागले. छापील खोके, आत तेलाचा कागद, खोक्यावर इंग्रजी अक्षरे. माल इतका सुबक की माझ्या वरिष्ठांनी एक बुश टेबलावर शोभेसाठी ठेवला. मीही एक खिशात घातला. गुरुवारी तुमचे दुकान बंद असे आणि तुम्ही आमच्याकडे जेवायला येत असा. त्या गुरुवारी मी तो बुश स्वयंपाकघरात, तुमच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणालो, "आबा, काम म्हणतात ते याला. मुंबईचे आहे."

तुम्ही हात पुसलात. बुश उचललात, उजेडाकडे धरलात आणि त्याच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवलात. तसा अंगठा फिरवताना मी तुम्हाला दुकानात हजारदा पाहिले होते. ड्रॉइंगमध्ये नसले तरी आतली कड तुम्ही कानशीने मोडत असा. बसवणाऱ्याचे बोट कापू नये, एवढेच त्याचे कारण. तुम्ही म्हणालात, "झ्याक हाय. कारागीर चांगला दिसतोय."

"तिथली यंत्रेच वेगळी असतात," मी म्हणालो.

"व्हय बाबा. मुंबईचं पानीच येगळं."

तुमची सून चुलीकडे वळली आणि नको इतका वेळ भाकरी भाजत राहिली. "मामंजी, आमटी वाढू का?" एवढेच तिने विचारले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात घाटात रस्ता बंद झाला आणि मुंबईचा माल अडकला. बुशांविना आमची एक संपूर्ण लाइन चार दिवस उभी राहिली. कामगार हात बांधून बसलेले आणि मी मुंबईला तारा पाठवतो आहे. तारांवर सही करताना माझे अक्षर नेहमीसारखेच वळणदार होते. त्या प्रती मी नंतर पाहिल्या आहेत. उशिराचा ठपका पेढीने आपल्या कारागिरावर ढकलला असावा, कारण पुढे तिने त्याचे काम थांबवले. तुम्ही दुसरी लेथ विकलीत. दीड वर्षात तुम्हीही गेलात. तुमच्या जागेत आज सायकलचे दुकान आहे. तिथे खरोखरच पंक्चर काढतात.

आता इस्पितळातले सांगतो. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तुमच्या सुनेने मला जवळ बसायला सांगितले. म्हणाली, "अहो, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ते मुंबईचे बुश मामंजींचे होते. तुम्ही नाही म्हणालात, मग त्यांनी त्या पेढीला दिले. मी दुपारी डबा घेऊन जायचे ना, तेव्हा तेलाच्या कागदात मीच गुंडाळायचे. तिकडे नुसते छापील खोक्यांत भरायचे." थोडा दम घेऊन ती पुढे म्हणाली, "तुमची कंपनी अडली होती ना, तेव्हा दुकानात दोन पोती तयार होती. ट्रकची वाट बघत. मी म्हटलं, ह्यांना सांगते. तर मामंजी म्हणाले, 'नगं, पोरी. त्याला ठावं झालं तर त्यो घ्यायचाच बंद करंल.' इतकी वर्षं तुम्हाला फसवलं. रागावू नका."

दापोडीहून पिंपरीची आमची कंपनी सायकलने वीस मिनिटे. तो माल घाट उतरून मुंबईला जात होता, छापील खोक्यांत बसून घाट चढत होता आणि मग माझ्या सहीने चांगला ठरत होता. मी तिच्यासमोर डोळे विस्फारले. "काय सांगतेस!" म्हणालो. तिचा हात हातात घेतला आणि तिला क्षमा केली. तिला बरे वाटले. तिचा चेहरा निवळलेला मी पाहिला.

हे पत्र मी शालीच्या घडीत ठेवणार आहे. घडी मलाच घालावी लागेल. तुम्ही दोघांनी माझ्यापासून जे इतके जपलेत, ते मला त्या गुरुवारी, तुमचा अंगठा त्या कानशीने मोडलेल्या कडेवरून फिरला तेव्हाच कळले होते. तारा पाठवत होतो त्या चारही दिवशी मला ठाऊक होते की माल दापोडीत आहे. आणि मी तिला क्षमा केली, आबा.