कॅमेऱ्यावरची टोपी

गुरुवार, दिवेलागणीची वेळ

लय भडकली मी आज.

पोरगा, प्रशांत, बंगलोरले गेला तेव्हा हॉलमंदी कॅमेरा लावून गेला. "आई, रोज मोबाईलवर पाहीन तुले." तेव्हापासून फोनच कमी झाला. अन् मी येडी! सांभारवडी तळली का ताट कॅमेऱ्यापुढं धरायची. "खा गा बाबू," म्हणायची. कधी जीभ काढून दाखवायची.

सोमवारी खोडी सुचली. प्रशांतच्या बाबांची टोपी, ते जाऊन सहा वर्षं झाले, ती कॅमेऱ्यावर टांगून देली, काच पुरी झाकली. वाटलं, पोरगं घाबरून लगेच फोन करीन. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मीच दहा वेळा टोपीकडं पाहिलं.

आज फोन आला. "कालच पाहिलं तुले, टीव्ही पाहून राहिली होती."

"हो का? साडी कोणती होती गा अंगावर?"

"साडी? ते... पाहिली न."

"बोल न! का बापाची टोपीच दिसली?"

"आई, काम लय आहे. काहून चिडून राहिली?"

चिडू नाही त काय ओवाळू? कामाचं समजते मले. पण खोटं काहून? तीन दिवस मी पडून राहिली असती त?

म्हटलं, "टोपी तिथंच राहीन. रोज फोन करून विचार, आई, आज साडी कोणती नेसली." अन् ठेवून देला.

आता परत वाजून राहिला. वाजू दे जरासा.