पृष्ठताण एक्क्याऐंशी

सर,

माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे कोण लिहितोय ते कळेल. भिंगाची गोलाई मोजणारे पितळेचे एकसष्ट स्फेरोमीटर. दीड-दीड मीटरचे नऊ ऑप्टिकल बेंच, सरळपणात केसाएवढाही फरक नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आट्याचे स्क्रू किती कापले ते मोजायचं सोडलं, पण ज्या लेथवर ते कापतो ती भंगारातून आणली आणि तिचा बेड मी सात महिने हाताने खरवडून सपाट केला. कुणी शिकवलं नाही. पुस्तकं वाचली, लोखंड वाया घालवलं, पुन्हा वाचली. पळस्प्याच्या अलीकडे शेड आहे. बाहेर पाटी नाही. ज्यांना गरज असते ते विचारत विचारत येतात.

आता तुमचं. पहिल्या वर्षाचा निकाल लागला की तुम्ही मार्कांवरून बारा मुलं निवडायचात. तुमची ऑनर्स बॅच. विद्यापीठाच्या कुठल्याही कागदावर ती नव्हती, पण पनवेलात तिचा केवढा दबदबा! शनिवारी प्रयोगशाळा फक्त आमची, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे, तुमच्या केबिनमध्ये चहा. उरलेली साठ मुलं म्हणजे ‘जनरल’. त्यांची नावं तुम्ही तीन वर्षांत पाठ केली नाहीत. त्या चहाला मीही भुललो होतो, ते नाकारत नाही.

दुसऱ्या वर्षातला एक शनिवार. केशनळीवरून पाण्याचा पृष्ठताण काढायचाय. उत्तर बहात्तर, पुस्तकात छापलेलंच आहे. आपल्या बॅचची रीत अशी, की जर्नलमध्ये आधी बहात्तर लिहायचं आणि तिथून उलटं गणित करत रीडिंगं बसवायची. शोभेला एखादं एकाहत्तर पूर्णांक नऊ. तुम्हाला हे माहीत होतं, सर, आणि त्यालाच तुम्ही हुशारी म्हणायचात. मी मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावून खरंच मोजतो. एक्क्याऐंशी येतं. पुन्हा मोजतो, पुन्हा एक्क्याऐंशी. प्रयोगशाळेचे मामा, बेलपाड्याचे, काचा पुसता पुसता माझ्यामागे येऊन थांबतात.

“पोरा, तुजं नाय चुकत. त्या मशीनचा आटा झिजलाय. दोन वर्सं झाली सांगून सरांना. आयकतंय कोन?”

एक मिलिमीटर आट्याचा तो स्क्रू मी उलटा फिरवून बघतो. अष्टमांश वळसा नुसताच फिरतो, मायक्रोस्कोप जागचा हलतच नाही. मी जर्नलमध्ये एक्क्याऐंशी लिहितो, खाली कारण लिहितो. तुम्ही ते सगळ्यांसमोर वाचलंत. “अकरा जणांना नळीत पाणी सापडलं. याला पारा सापडला वाटतं!” सगळे हसले. पाऱ्याचा पृष्ठताण पावणेपाचशेच्या आसपास असतो, सर. विनोदसुद्धा तुम्ही न मोजता केलात. मी म्हणालो, आटा झिजलाय, मामांनाही माहीत आहे. तुम्ही चष्मा काढलात. “यंत्राला नावं ठेवायची असतील तर वर्कशॉपमध्ये जा. ऑनर्समध्ये हमाल नकोत मला.” मामा फडकं हातात घेऊन दारातच उभे होते. सोमवारी यादीत अकरा नावं होती. दिवाळीनंतर मी कॉलेजला गेलोच नाही.

तुम्ही वारलात त्यानंतर चार महिन्यांनी तोच मायक्रोस्कोप माझ्याकडे दुरुस्तीला आला. मी नट उघडला. झीज शून्य पूर्णांक बारा मिलिमीटर. एवढ्या झिजेवर तशा नळीचं उत्तर बरोबर एक्क्याऐंशीच्या घरात जातं. कागदावर मांडून बघितलं आणि शेडमध्ये एकटाच मोठ्याने म्हणालो, “घ्या!” घेणारं कुणी नव्हतं. माफी न मागताच निसटलात तुम्ही.

आता पदवी चार वर्षांची झालीय आणि ऑनर्स सरकारमान्य. साडेसात सीजीपीएच्या वरची वीस मुलं, त्यांना वेगळं संशोधन, वेगळी खोली. तुमचीच बॅच, फक्त शिक्क्यासकट. गेल्या महिन्यात प्रिन्सिपल मॅडम शेडवर आल्या. “सर, आमच्या ऑनर्सच्या मुलांना उपकरणं बनवायला शिकवाल?” मला सर म्हणाल्या. मी म्हटलं, “मॅडम, मी बारावी पास आहे.” “आता अनुभवावर घेता येतं. डिग्री लागत नाही.” मी अट घातली. सीजीपीए बघायचा नाही. कॉलेजातल्या वाटेल त्या मुलाला येऊ द्या, प्रत्येकाला पितळेचा तुकडा आणि कानस द्या, जो सपाट करेल तो आत.

“हे नियमात बसत नाही हो, सर.”

“मग मीही बसत नाही.”

बायकोला मी एवढंच सांगितलं, शेजारच्या शेडवाल्यांनाही. ऐकणारे खूश होतात, पाठ थोपटतात. हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही, म्हणून पुढचं लिहितो. आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला होता. त्यांनी वर भांडून अट मान्य करून आणली होती. विसाच्या वीस जागा माझ्या पद्धतीने, जनरलवाल्यांनाही दार उघडं. मी हो म्हणणारच होतो. मग त्या आनंदाने म्हणाल्या, नव्या प्रयोगशाळेला कॉलेजच्या दिवंगत सरांचं नाव दिलंय, म्हणजे तुमचं, दारावर फोटोही लागणार आहे. ज्या मुलांची नावं तुम्ही पाठ केली नाहीत, तसलीच मुलं त्या दारातून आत आली असती, माझ्यामुळे. आठवड्याला दोन दिवस, दोन वर्षांचा करार, महिना साठ हजार रुपये. मी नाही म्हटलं.