गाईडातली सासू अन् टोपल्यातली भाकरी

मंगळवार, सांजेला

आज सुमीच्या वर्गातली बिलोलीची पोरगी आली, अन् आल्या आल्या माझ्या नातीशी, सुमीशी, भांडायलाच बसली. दोघींच्या परीक्षेला एक जुनी कादंबरी हाय, तिच्यावरून. गाईडात लिहिलंय, त्यातली सासू दुष्ट, सुनेला शिळी भाकरी वाढते.

मी म्हणलं, "अन् सोता काय खाते, ते वाचा की."

सुमीनं पान काढलं. सासू नुसतं पाणी पिऊन उठते. म्हणजे टोपल्यात ती शिळी भाकरी एकच होती. चौथी शिकलेल्या मला ते दिसलं, गाईडवाल्याला न्हाई. त्यानं कधी टोपल्यात हात घालून पाहिलाय का?

"आजी, सर मार्क कापतील," सुमी म्हणली.

"कापू दे. भाकरी एकच होती, असंच लिही."

लिहिलं सुमीनं, माझ्यासमोर. लई बरं वाटलं. सासरा त्या दिवशी कुठं जेवला, हे शोधायला रविवारी परत बसतो म्हणल्या दोघी.